बापाकडून वर्ग, आईकडून गाव : नव्या चीनची पहिली तीस वर्षे

चीन म्हटले की आपल्या वस्तीतल्या जुन्या मंडळींच्या तोंडी दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जे चिनी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ साली तिकडेच वारले. आणि दुसरी, गेटसभेत लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी सांगितलेली क्रांती. जमीनदार गेला, सावकार गेला, कुळाला जमीन मिळाली, कामगार मालक झाला! आमच्यासारख्या सूतगिरणीत राबणाऱ्या माणसाला ही गोष्ट गोड लागते, आणि ती सगळी खोटी आहे असेही नाही. पण ती गोष्ट १९४९ सालावर येऊन थांबते. पुढे काय झाले ते गेटसभेत कोणी सांगत नसे. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असे मंडळाने सांगितले तेव्हा आम्ही ठरवले की ही पुढचीच गोष्ट लिहावी.

आमचा प्रश्न साधा आहे. आम्ही फुले-आंबेडकरी चळवळीत वाढलेली माणसे. कोणतीही राज्यव्यवस्था तपासायची झाली तर आम्ही आधी एकच बघतो. तिथे पोर जन्माला आले की त्याची पायरी ठरून जाते का? चीनमध्ये आपल्यासारखी जात नव्हती. १ ऑक्टोबर १९४९ रोजी माओ त्से-तुंग यांनी बीजिंगच्या तिआनआनमेन वेशीवरून चिनी लोकांचे प्रजासत्ताक जाहीर केले, तेव्हा तर आता गरिबाचेच राज्य आले असे साऱ्या जगातल्या पीडितांना वाटले. मग त्या राज्यात माणसाला जन्मावरून मोजणे थांबले का? वाचकहो, हे पाहू.

आधी ते राज्य कशाच्या छातीवर उभे राहिले ते ध्यानात घेतले पाहिजे. जुना चीन म्हणजे शंभर वर्षे परकीयांनी लुटलेला देश. त्यात जपानची स्वारी, त्यावर घरातले यादवी युद्ध. शंभरातली सुमारे ऐंशी माणसे निरक्षर. सरासरी आयुष्य चाळिशीच्याही आत. खेड्यात कुळाने पिकवायचे आणि पिकाचा अर्धा वाटा, कुठे कुठे त्याहून जास्त, जमीनदाराच्या कोठारात घालायचा. दुष्काळात पोटची पोर विकायची. हे ज्याने सोसले तो कम्युनिस्टांच्या मागे गेला यात नवल ते काय? आमच्यावर वेळ आली असती तर आम्हीही गेलो असतो.

३० जून १९५० रोजी नवा जमीन कायदा आला. दोन-अडीच वर्षांत सुमारे तीस कोटी शेतकरी माणसांना सत्तर कोटी मू जमीन वाटली गेली. मू हे तिकडचे माप, आपल्या साधारण साडेसहा गुंठ्यांएवढे. म्हणजे हिशेब केला तर माणशी पंधरा गुंठे, पाच माणसांच्या घराला दोन एकरांच्या आतबाहेर. आपल्याकडच्या भूमिहीन माणसाला विचारा, दोन एकर म्हणजे काय असते ते. तो सांगेल!

हे वाटप कचेरीत बसून झाले नाही. पक्षाचे कार्यकर्ते गावात राहायला येत, गरिबातल्या गरिबाच्या घरी उतरत, आणि मग गावसभा भरवत. त्या सभेत जमीनदाराला पुढे उभे करायचे आणि कुळांनी, मोलकऱ्यांनी, रांडावलेल्या बायांनी उठून आपापले सोसणे सर्वांसमक्ष सांगायचे. 'कडू सांगणे' अशा अर्थाचा शब्द त्याला होता. जन्मभर मान खाली घालून चाललेला माणूस पहिल्यांदा गावासमोर बोलला. त्याची किंमत आम्ही कमी लेखणार नाही. पण याच सभांतून मारहाण झाली, आणि माणसे ठार मारली गेली. किती मेले याचा पक्का आकडा नाही; अभ्यासक दहा-वीस लाखांपर्यंत जातात, काही त्याच्याही पुढे. त्याच सुमाराला 'प्रतिक्रांतिकारकां'विरुद्ध जी मोहीम झाली तिच्यात सात लाख माणसे मारली गेल्याचे माओंनी स्वतः १९५७ च्या भाषणात सांगितले होते. अमक्याने जुलूम केला म्हणून त्याला शिक्षा, हे एक वेळ समजू. पण कित्येक ठिकाणी गावात जमीनदार शोधून काढलाच पाहिजे म्हणून थोडी बरी शेती असलेला माणूसही त्या रांगेत उभा केला गेला.

आता मुद्द्याची गोष्ट. वाटपासाठी गावातल्या प्रत्येक घराची नोंद झाली. जमीनदार, श्रीमंत शेतकरी, मध्यम शेतकरी, गरीब शेतकरी आणि शेतमजूर अशा पायऱ्या ठरल्या. आधीच्या तीन वर्षांत त्या घराचे उत्पन्न कशावर चालले, कोणी स्वतः राबला आणि कोणी खंडावर बसून खाल्ले, हे पाहून शिक्का मारायचा. जमिनीच्या वाटपापुरते हे ठीकच होते; कोणाची काढायची आणि कोणाला द्यायची हे ठरवायला यादी लागतेच. जमीनदाराच्या घरालाही कसायला वाटा द्यावा असे कायद्यात होते. पाच वर्षे त्याने मुकाट्याने कष्ट केले तर त्याचा शिक्का बदलता येईल अशीही कागदावर तरतूद होती. पण कागद तो कागदच. काहींचे शिक्के मधल्या काळात निघाले, पुढे साठीच्या दशकात ते परत लावले गेले. जमीन १९५० ला गेली, शिक्का राहिला. आणि तो बापाकडून पोराकडे गेला. ज्या पोराने जमीनदारी डोळ्यांनी पाहिलीही नाही, त्याच्या शाळेच्या फॉर्मवर 'घराणे : जमीनदार' असे लिहिले जाऊ लागले.

त्याच वर्षी, १ मे १९५० ला, लग्नाचा कायदा झाला. बालविवाह, रखेल ठेवणे, पोरीचा सौदा बंद. बाईला स्वतःच्या मर्जीने लग्न करायचा आणि काडीमोड घ्यायचाही हक्क. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा शेजारच्या देशात हा कायदा होऊन वर्षाच्या वर काळ लोटला होता. अंमलबजावणी सोपी गेली नाही. नवऱ्याने, सासऱ्याने जीव घेतलेल्या किंवा जीव दिलेल्या बायांची संख्या फार मोठी आहे. तरी कायदा झाला तो झाला.

कामगारांचे काय, असे आमचे गिरणीतले सोबती विचारतील. १९५१ साली कामगार विम्याचे नियम आले. मोठ्या कारखान्यात कायम असलेल्या माणसाला दवाखाना, आजारपणाची रजा, अपघाताची भरपाई, बाळंतपणाची सुट्टी, पुरुषाला साठाव्या आणि कामगार बाईला पन्नासाव्या वर्षी पेन्शन. पुढे पुढे घर, पाळणाघर, पोरांची शाळा, सगळे कारखान्याच्याच आवारात. नोकरी जायची भीती नाही. तिला तिकडे लोखंडी वाडगा म्हणत, म्हणजे पडला तरी न फुटणारा. हे ऐकून आपल्यातल्या कोणाचे मन हलणार नाही? आम्ही तर म्हणतो, एवढ्यापुरते तरी त्यांना मानले पाहिजे.

पण वाडगा कोणाचा लोखंडी होता? कायम कामगाराचा, आणि तोही सरकारी कारखान्यातला. त्याच्या शेजारी तेच काम करणारा हंगामी, कंत्राटी, खेड्यातून करारावर आणलेला माणूस यातल्या बहुतेक गोष्टींना मुकलेला. आपल्याकडे बदली कामगार म्हणजे काय ते गिरणगावात राहिलेल्याला सांगायला नको. आणि या दोघांच्या वतीने बोलायचे कोणी? कामगार मालक झाला आहे, मग मालकाने मालकाशी कशाला भांडायचे, असा पक्षाचा सवाल! युनियनचे पुढारी ली लिसान हे जुने, अस्सल लढवय्ये. कारखाना सरकारी असला तरी कामगाराची बाजू मांडायला युनियन वेगळी उभी राहिली पाहिजे असे त्यांचे मत पडले. १९५१ च्या अखेरीस त्यांना युनियनमधून दूर केले. १९५७ च्या वसंतात शांघायमध्ये पाचशेहून अधिक कारखान्यांत काम बंद पडले, अडवणूक झाली, तंटे झाले. त्यात पुढे होते ते हंगामी माणसे, उमेदवार, आणि ज्यांचे छोटे खाजगी कारखाने सरकारात विलीन झाल्यावर सवलती कापल्या गेल्या ते. लगेच त्या उन्हाळ्यात मतभेद सांगणाऱ्यांवर मोहीम सुरू झाली. 'शंभर फुले फुलू द्या' असे आधी पक्षानेच म्हटले होते. फुले फुलली, आणि साडेपाच लाख माणसांवर 'उजवे' असा शिक्का बसला. शिक्षक, इंजिनिअर, लेखक, साधे कारकूनही. हा आणखी एक शिक्का, आणि तोही पोरांना चिकटला.

दरम्यान जमिनीचे काय झाले? मिळालेली जमीन शेतकऱ्याच्या हातात धड पाच-सहा वर्षेही टिकली नाही. आधी परस्पर मदतीची टोळी, मग छोटी सहकारी, मग १९५५-५६ च्या हिवाळ्यात मोठी सहकारी. बांध मोडले, बैल आणि अवजारे गोळा झाली, आणि जमिनीचा मालक पुन्हा मजूर झाला. मजुरी गुणांवर. धडधाकट पुरुषाला दिवसाला दहा गुण, बाईला त्याच शिवारात त्याच उन्हात बहुधा सहा-सात-आठ. धान्याचा व्यापार तर १९५३ पासूनच सरकारच्या हातात गेला होता. शेतकऱ्याने ठरलेल्या भावाने ठरलेला कोटा घालायचा, आणि त्यावर शहरे आणि कारखाने चालायचे.

बरोबर त्याच वर्षी, २० नोव्हेंबर १९५६ ला, बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांवर बोलले. परिनिर्वाणाला पुरते तीन आठवडेही उरले नव्हते. दुःख आणि पिळवणूक जावी हे दोघांचेही ध्येय, पण मार्ग वेगळा, असे त्यांचे म्हणणे होते. एकाचा मार्ग मन वळवण्याचा, दुसऱ्याचा बळाचा. बळाने बसवलेली घडी बळ काढून घेतल्यावर टिकेल का, असा त्यांचा रोख. त्यांच्यासमोर बसलेल्या आशियातल्या बौद्ध देशांतल्या तरुणांना तेव्हा कम्युनिझमचे मोठे आकर्षण होते, आणि त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण चीन हेच होते. त्या वेळी चीनमधली खेडी ज्या दिशेने चालली होती ती पुढच्या चार वर्षांत जगाला दिसायची होती. खरे तर जगालाही ती दिसू दिली नाही.

९ जानेवारी १९५८ रोजी एक नियमावली आली. तिची चर्चा क्रांतीच्या पुस्तकात कमी सापडते, पण आमच्या मते तिने जेवढी माणसे बांधली तेवढी दुसऱ्या कशाने बांधली नाहीत. प्रत्येकाची नोंद एका ठिकाणी, शहरी की शेतकी ते ठरलेले. या नोंदीला हुको म्हणतात. शेतकी नोंदीच्या माणसाला परवानगीशिवाय शहरात जाऊन राहता येत नाही. गेला तरी रेशन नाही, घर नाही, नोकरी नाही. आणि मुलाची नोंद आईच्या नोंदीवरून. बाप शहरातला कायम कामगार असला तरी आई खेड्यातली असेल तर पोर खेड्याचे. म्हणजे बघा, बापाकडून वर्गाचा शिक्का आणि आईकडून गावाचा. दोन्ही जन्माबरोबर आले, आणि दोन्ही पुसायची सोय माणसाच्या स्वतःच्या हातात नव्हती. शहरात जायला दोन-तीनच वाटा. सैन्य, कॉलेज, नाहीतर कारखान्याची भरती. आणि यांतल्या बहुतेक वाटांवर पहिला प्रश्न पुन्हा तोच : तुझा बाप कोण?

हे दोन शिक्के माणसाच्या जिवावर कसे उठतात ते त्याच वर्षी सुरू झालेल्या 'मोठ्या झेपे'त दिसले. पंधरा वर्षांत ब्रिटनला मागे टाकायचे, पोलादाचे उत्पादन एका वर्षात दुप्पट करून एक कोटी सात लाख टनांवर न्यायचे. १९५८ च्या अखेरीस साऱ्या देशातले शेतकरी सुमारे सव्वीस हजार कम्युनांत घातले गेले. घरातली चूल बंद, सगळ्यांनी सार्वजनिक भटारखान्यात जेवायचे. घरातल्या कढया, कुलपे, खिळेसुद्धा गावठी भट्ट्यांत वितळवले आणि त्यातून निघाले ते कोणाच्याही कामाचे नव्हते. ऐन सुगीत कोट्यवधी माणसे भट्ट्यांवर, आणि पीक शेतात झडून गेले.

पण दुष्काळ भट्ट्यांनी पडला नाही, तो आकड्यांनी पडला. वरून सांगितले की उत्पादन वाढलेच पाहिजे. मग तालुक्याने वाढवून सांगितले, जिल्ह्याने त्यावर चढवून सांगितले. १९५८ चे धान्य साडेसदतीस कोटी टन झाले असे जाहीर केले. प्रत्यक्षात ते वीस कोटींच्या आसपास होते. सरकारने आपला वाटा जाहीर आकड्यावर मागितला. गावात होते तेवढे धान्य गेले. नाही म्हणणारा 'लपवतो' ठरला, त्याला मार पडला. १९५९ ला उत्पादन सतरा कोटींवर आले, १९६० ला साडेचौदा कोटींच्याही खाली. आणि १९५९ सालीच परदेशी निर्यात झाली चाळीस लाख टनांच्या वर!

जुलै १९५९ मध्ये लुशान इथे पक्षाची बैठक होती. संरक्षणमंत्री पेंग दहुआय हे स्वतः गरीब शेतकऱ्याच्या घरचे. त्यांनी माओंना एक खाजगी पत्र लिहून चुका दाखवल्या. शत्रूच्या बाजूने बोललेले नव्हते त्यात काही. तरी त्यांना पदावरून काढले, आणि त्यांच्या नावाने देशभर मोहीम चालवून लाखो कार्यकर्त्यांची तोंडे बंद केली. मंत्र्याचे हे हाल, तर खेड्यातल्या सरपंचाने 'धान्य नाही' असे कशाच्या जोरावर सांगायचे?

हेनान प्रांतात शिनयांग म्हणून जिल्हा आहे. सुमारे ऐंशी लाख वस्ती. तिथे एका हिवाळ्यात दहा लाखांच्या आसपास माणसे उपाशी मेली. रस्त्यांवर पहारे बसवले होते, गाव सोडून भीक मागायला जाऊ नये म्हणून. टपालातली पत्रे अडवली. सरकारी कोठारांत धान्य होते. साऱ्या देशात १९५९ ते १९६१ या काळात किती गेले यावर वाद आहे; दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत आकडे मांडतात, लोकसंख्येचे बरेच अभ्यासक तीन कोटींच्या आसपास थांबतात. यांतले बहुतेक सगळे खेड्यातले, शेतकी नोंदीचे. शहरात रेशन कमी झाले, माणसे सुजली, हाल झाले, पण रेशन येत राहिले. धान्य पिकवणारा मेला आणि कूपनवाला वाचला. गावात भटारखान्यातल्या पळीवर कार्यकर्त्याचा ताबा, आणि त्या रांगेत जमीनदार घराण्याचा माणूस नेहमीच शेवटी.

यांग जिशेंग नावाचे एक पत्रकार आहेत. १९५९ साली त्यांचे वडील हुबेई प्रांतातल्या गावी उपाशी मेले. हे तेव्हा शाळेत शिकत होते, आणि आपल्या घरावर ओढवलेली ती एक आपत्ती असे समजून कित्येक वर्षे पक्षाचे निष्ठावंत राहिले. पुढे सरकारी वृत्तसंस्थेतल्या ओळखीचा उपयोग करून त्यांनी प्रांतोप्रांतीची दप्तरे धुंडाळली आणि या दुष्काळावर मोठे पुस्तक लिहिले. ते २००८ साली हाँगकाँगला निघाले. चीनमध्ये त्याला बंदी आहे.

१९६१-६२ मध्ये सरकारने माघार घेतली. भटारखाने बंद झाले, थोडी खाजगी परसबाग परत मिळाली. जानेवारी १९६२ च्या मोठ्या सभेत राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची यांनी, तीस टक्के निसर्ग आणि सत्तर टक्के माणूस असे आपल्या गावाकडच्या शेतकऱ्यांचे मत बोलून दाखवले. आणि शहरांचा भार हलका करायला सुमारे दोन कोटी माणसे शहरांतून खेड्यांत परत पाठवली गेली. अर्थात कोण परत गेले? तेच, जे नुकते खेड्यातून करारावर भरती झाले होते.

आता कोणी म्हणेल, तुम्ही वाईटच तेवढे सांगता. तसे नाही. माओ १९७६ मध्ये वारले तेव्हा चिनी माणसाचे सरासरी आयुष्य पासष्टच्या आसपास गेले होते, आपल्याकडे ते तेव्हा पन्नाशीच्या थोडेच वर होते. १९८२ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या दर तिघांतले दोघे साक्षर. लिपी सोपी केली, रात्रीच्या शाळा काढल्या, आणि साठीच्या अखेरीपासून गावातल्याच पोरापोरींना काही महिने शिकवून 'अनवाणी डॉक्टर' म्हणून उभे केले. लस टोचणारा, सुईणपण करणारा, शेतात राबणारा डॉक्टर. हे काम ज्यांनी केले त्यांना आमचा जयभीम. पण ज्याला अक्षर दिले त्याने त्या अक्षराने काय लिहिले, हेही विचारले पाहिजे. त्यासाठी एका कामगाराची हकीगत सांगतो.

यू लुओके हा १९४२ चा जन्म. आईबाप जपानला शिकून आलेले, १९५७ मध्ये दोघांवरही 'उजवे' असा शिक्का पडला. मुलगा अभ्यासात हुशार, पण कॉलेजने घेतले नाही. घराणे नडले. काही वर्षे त्याने बीजिंगजवळच्या दाशिंग तालुक्यात शेतीवर काम केले, मग एका यंत्रकारखान्यात उमेदवार म्हणून लागला. वाचन अफाट.

१९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. माओंनी तरुण पोरांना जुन्या सत्तेवर सोडले. बीजिंगच्या चांगल्या शाळांतल्या बड्या कार्यकर्त्यांच्या मुलांनी तांबडे रक्षक म्हणून दंडाला पट्टे बांधले आणि एक सिद्धांत काढला : बाप क्रांतिकारक तर मुलगा खरा माणूस, बाप शत्रू तर मुलगा हलकट. पाच जाती 'लाल', पाच जाती 'काळ्या'. जाती हा आमचा शब्द, पण दुसरा कोणता वापरायचा? काळ्यांत जमीनदार, श्रीमंत शेतकरी, प्रतिक्रांतिकारक, 'वाईट माणसे' आणि उजवे. ऑगस्टच्या अखेरीस त्याच दाशिंग तालुक्यात काही गावांनी काळ्या घरांतली माणसे संपवायचे ठरवले. चार-पाच दिवसांत ३२५ माणसे मारली. सर्वांत म्हातारा ऐंशी वर्षांचा. सर्वांत लहान बाळ अडतीस दिवसांचे.

अडतीस दिवसांच्या बाळाने कोणाची जमीन बळकावली होती?

यू लुओकेने त्या काळात 'घराण्याविषयी' एक निबंध लिहिला. त्याच्या धाकट्या भावाने आणि मित्रांनी तो १८ जानेवारी १९६७ रोजी स्वतः छापलेल्या वर्तमानपत्रात काढला. हजारोंनी प्रती गेल्या, देशभरातून पत्रे आली. त्याचे म्हणणे असे होते की माणसाला घरापेक्षा समाज जास्त घडवतो. जन्म ही कोणाची कमाई नाही आणि कोणाचा गुन्हाही नाही. आणि घराण्यावरून शाळा, नोकरी, मान ठरवली तर वर एक नवा खास वर्ग तयार होतो, खाली एक नवा दडपलेला. हे सांगताना त्याने अमेरिकेतले काळे, जपानमधले बहिष्कृत आणि भारतातले शूद्र यांचे नाव घेतले, आणि आपल्याकडच्या या पोरांची स्थिती त्यांच्याहून वेगळी कशी, असे विचारले. बीजिंगच्या यंत्रकारखान्यातला चोवीस-पंचवीस वर्षांचा उमेदवार कामगार! आपली व्यथा त्याने कोणत्या पुस्तकातून वाचली असेल कोण जाणे. पण त्याला ती बरोबर कळली.

त्याच हिवाळ्यात हंगामी आणि कंत्राटी कामगारांनीही आपली देशव्यापी संघटना उभी केली होती. डिसेंबर १९६६ मध्ये माओंच्या पत्नी जियांग चिंग यांनी त्यांना भेटून पाठिंबा दिला. दोन महिन्यांत, फेब्रुवारी १९६७ मध्ये, ती संघटना बेकायदा ठरवून मोडली. बदलीवाल्याला कायम करा, ही मागणी क्रांतीलाही परवडली नाही.

निबंधाला एप्रिलमध्ये वरच्या गोटातून 'विषारी तण' ठरवले गेले. जानेवारी १९६८ मध्ये यू लुओकेला पकडले. ५ मार्च १९७० रोजी बीजिंगच्या कामगार स्टेडियममध्ये प्रचंड सभा भरवून त्याला मृत्युदंड सुनावला आणि गोळी घातली. वय सत्तावीस. स्टेडियमचे नाव पुन्हा वाचा.

विहाराच्या पुस्तकात विहारांचे काय झाले हे यायला हवे, म्हणून थोडक्यात. सुरुवातीला विहारांची जमीन वाटली गेली, भिक्खूंना कसायला वाटा मिळाला, १९५३ मध्ये सरकारच्या आशीर्वादाने बौद्ध संघटनाही निघाली. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत पंचशील कराराबद्दल बोलताना बाबासाहेबांनी स्पष्ट म्हटले होते की माओंची पंचशीलावर खरी श्रद्धा असती तर त्यांनी आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते. पुढे तिबेटात १९५९ चा उठाव चिरडला गेला आणि दलाई लामा भारतात आले. १९६२ मध्ये पंचेन लामांनी पंतप्रधान चौ एन-लाय यांना लांबलचक निवेदन देऊन अडीच हजारांतले जेमतेम सत्तर मठ उरल्याचे कळवले. त्यापायी त्यांना पुढे अनेक वर्षे तुरुंगात काढावी लागली. १९६६ मध्ये तांबडे रक्षक शान्शी प्रांतातल्या फामेन विहाराचा स्तूप खणायला आले तेव्हा तिथले भिक्खू लिआंगछिंग यांनी स्वतःला पेटवून घेतले. पोरे पळाली. १९८७ मध्ये त्याच स्तूपाखालच्या तळघरात तथागतांच्या बोटाचा म्हणून पूजिला जाणारा धातू, जसाच्या तसा ठेवलेला, सापडला.

माओंच्या मृत्यूनंतर दोन-अडीच वर्षांनी, जानेवारी १९७९ मध्ये, पक्षाने निर्णय काढला. जमीनदार आणि श्रीमंत शेतकरी यांचे शिक्के काढावेत, त्यांच्या मुलानातवंडांना साधे कम्युन सदस्य म्हणावे, शाळेत, नोकरीत, पक्षात घराणे आड आणू नये. सुमारे दोन कोटी माणसे त्यातून सुटली असे सांगतात. 'उजव्यां'पैकीही जवळपास सगळे निर्दोष ठरले. त्या वर्षी नोव्हेंबरात बीजिंगच्या न्यायालयाने यू लुओके निरपराध असल्याचा निकाल दिला. बापाचा शिक्का असा तीस वर्षांनी पुसला गेला.

आईचा राहिला. कम्युने मोडली, शेत पुन्हा कुटुंबाकडे आले, कारखाने उघडले आणि खेड्यांतून कोट्यवधी माणसे शहरांत कामाला गेली. शेतकी नोंद मात्र खिशात तशीच. मुलाने बापाची नोंद घ्यावी याला परवानगी मिळायला १९९८ साल उजाडले. नंतर लहान शहरांत नियम बरेच सैल झाले आहेत. पण बीजिंग, शांघायसारख्या मोठ्या शहरात बाहेरून आलेल्या कामगाराच्या पोराला, ते तिथेच जन्मलेले असले तरी, कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेसाठी अजूनही बहुतेक वेळा आईबापाच्या मूळ प्रांतात परत जावे लागते.